तराफ्यासाठी साडेतीन फूट पाणी

“दिवाळीची रजा विसरा,” साहेब म्हणाले. “आठचं रीडिंग कोण घेणार?”

“साहेब, तीन वर्षं झाली, दिवाळीला घरी गेलो नाही.”

“मग घरच्यांना इकडे बोलवा. नदी आहे, हवा आहे. अजून काय पाहिजे माणसाला?”

एवढं बोलून ते जीपमध्ये बसले. साहेबांचं काय जातं म्हणायला.

साल एकोणीसशे साठच्या आसपासचं. मी पाटबंधारे खात्यात गेज रीडर होतो. चारोटीपासून आत, सूर्या नदीच्या काठी दोन खोल्यांचं क्वार्टर आणि त्यात मी एकटा. गेज म्हणजे नदीत उभी रोवलेली फुटांची पट्टी. पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते रोज सकाळी आठला बघून रजिस्टरात लिहायचं. मग फ्लोट सोडायचा. फ्लोट म्हणजे लाकडाचा साधा तुकडा. नदीवर दोन दोर आडवे बांधलेले असत. एका दोरापासून दुसऱ्यापर्यंत तुकडा किती सेकंदांत जातो, त्यावरून पाण्याचा वेग काढायचा. हे काम खरं तर दोघांचं. मी एकटाच तुकडा टाकून स्टॉपवॉच हातात घेऊन काठाने धावत सुटायचो. त्यानंतर दिवसभर बोलायला कोणी नाही. कधी कधी गेजचा आकडा मोठ्याने वाचायचो, आपला आवाज शाबूत आहे का बघायला.

बायको सुशीला आणि मुलगी सुमन साताऱ्याला, माझ्या आईवडिलांकडे. सुमन सात वर्षांची. मी वर्षातून एकदा गेलो की ती आईच्या पदराआड उभी राहून मला न्याहाळायची. हे मला फार लागायचं. सुशीलाने पत्रात लिहिलं होतं, “सुमनला तिकडे करमलं, तर जूनपासून आम्ही दोघी तिकडेच राहायला येऊ.” म्हणजे सगळं त्यांच्या पहिल्या चार-पाच दिवसांच्या भेटीवर होतं.

मी सुमनला कळवून टाकलं, आपण सगळे तराफ्यावर बसून नदीतून जाऊ. मग डोकं चालवलं. तीन वर्षांची रजिस्टरं काढली आणि तराफ्याला कुठला मोसम उत्तम ते शोधत बसलो. पाच फुटांवर पाणी गेलं की धार आवरत नाही. दोनच्या खाली आलं की तराफा खडकाला घासतो. पावसाळ्यात नदी अंगावर येते, पौषात खडक उघडे पडतात. तिन्ही वर्षं दिवाळीच्या आठवड्यात पाणी साडेतीन फुटांच्या आसपास होतं. स्वच्छ, संथ. शिवाय शाळेला सुट्टी. स्वतःवरच खूश होऊन मी पत्र टाकलं.

तराफा बांधणारा लखमा, पलीकडच्या पाड्यावरचा वारली म्हातारा. बांबू बांधण्यात आणि तराफा हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. श्रावणात त्याला विचारलं होतं, “तराफा करशील ना?” तो म्हणाला, “करू ना, साहेब.” झालं माझं काम. कधी, ते मी विचारलंच नाही.

दोघी आल्या. डहाणू रोडला गाडीतून उतरल्या आणि एसटीने क्वार्टरवर पोचल्या. गेज तीन फूट सहा इंच. सुमन पहिलं वाक्य बोलली ते “तराफा कुठंय?”

मी पाड्यावर गेलो. सगळ्या झोपड्यांना कडी. एक म्हातारी अंगणात बसलेली. “भात कापाया गेलीत सगळी,” ती म्हणाली. दुसरा दिवस आजूबाजूची शेतं धुंडाळण्यात गेला. तिसऱ्या दिवशी आठचं रीडिंग घेऊन सायकल काढली आणि थेट कैनाड गाठलं. तिथे एका बागायतदाराच्या खाचरात लखमा सापडला.

“लखमा, दोन दिवस चल. घरची माणसं आलीत माझी.”

“कसा येऊ, साहेब? विळा ठेवला तर भात झडंल.”

“मग त्यानंतर?”

“मंग तलासरीला गवत कापाया. शेठला शब्द दिलाय. पौषात मोकळा.”

“पौषात पाणी कुठे असतं?”

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “पाणी बरं असतं तवा आमी मोकळं नसतो, साहेब. दरसाल असंच.”

तीन वर्षं मी त्या नदीचा इंच न् इंच लिहिला होता. काठावरची माणसं कधी कुठे असतात, हे एकदाही बघितलं नव्हतं. हात हलवत परत आलो. दोघी क्वार्टरच्या पायरीवर बसल्या होत्या. सुमन खडे मोजत होती. चौथा दिवसही मी दुसरा तराफेवाला शोधण्यात घालवला. संध्याकाळी सुशीला शांतपणे म्हणाली, “अहो, आम्ही तुम्हाला भेटायला आलो होतो. तुम्ही घरात कुठे आहात?”

पाचव्या दिवशी दहाची एसटी होती. सामान बांधून झालं होतं. आठला मी गेजकडे निघालो, तर सुमन मागे आली. तिच्यामागे सुशीला.

“बाबा, मी टाकू तो तुकडा?”

मी तिला पहिल्या दोराशी उभं केलं. सुशीलाने तिचा फ्रॉक मागून घट्ट धरला. मी स्टॉपवॉच घेऊन दुसऱ्या दोराशी गेलो. “सोडला, बाबा!” ती ओरडली. तुकडा वाहत माझ्याकडे आला आणि ती काठाने त्याच्याबरोबर धावली, माझ्यापर्यंत. पुन्हा टाकू म्हणाली. रीडिंगला तीन फ्लोट पुरतात, त्या दिवशी आम्ही अकरा सोडले. ती इतकी हसत होती की एसटीची वेळ सांगायला माझा जीव होईना. हे मला पहिल्याच सकाळी करता आलं असतं.

एसटीत खिडकीतून ती म्हणाली, “उद्या कोण टाकणार?” मी म्हणालो, “मीच.” जूनमध्ये त्या आल्या नाहीत. सुशीलाने लिहिलं, तिथं दिवसभर आम्ही कोणाशी बोलायचं. तिचं चूक नव्हतं.

दिवाळीनंतरच्या पौषात लखमा शब्दाप्रमाणे तराफा घेऊन आला होता. पाणी दीड फूट. त्याचं मन मोडवेना म्हणून एकटाच बसलो. तीनदा उतरून ढकलावा लागला.

त्यानंतर साहेब तपासणीला आले. रजिस्टर चाळताना त्यांचं बोट शेऱ्याच्या रकान्यात थांबलं.

“‘फ्लोट सोडणारी, सुमन.’ ही कोण? मस्टरवर नाव नाही.”

“माझी मुलगी, साहेब.”

“आहे कुठे?”

“साताऱ्याला.”

मग ओळ न खोडता खाली ‘तपासले’ लिहून त्यांनी सही केली.

पुढे माझ्या हाताखाली नवे गेज रीडर आले. घरच्यांना कधी बोलवावं, असं कोणी विचारलं की मी सांगायचो, पाणी बघत बसू नका. आठच्या रीडिंगला एक माणूस कमी पडतो, एवढंच घरी कळवा.