एक नंबराचं घर

माझं नाव देवराव. उत्तर नागपुरात, आमच्या वस्तीच्या मैदानाच्या फाटकासमोर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं पंक्चर कमी निघतात आणि फुटबॉल जास्त होतो, असं बायको म्हणते, आणि ते काही खोटं नाही. युवक फुटबॉल क्लबवर जीव टाकणारे सगळे माझ्याच बाकावर बसतात, माझाच पंप वापरतात आणि माझ्याशीच भांडतात. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी सांगायला नको. पण ही गोष्ट माझी नाही, सिंधूताईची आहे.

सिंधूताईचा सीताबर्डीला, व्हरायटी चौकाजवळ गाऊन आणि टी-शर्टचा ठेला आहे. बावीस वर्षांपूर्वी क्लबकडे जर्सी घ्यायची सोय नव्हती, तेव्हा आम्ही वस्तीत ठरवलं की एका घरानं एक जर्सी द्यायची. ज्या घरानं जो नंबर दिला तो त्या घराचा. सामन्याच्या दिवशी त्या नंबराचा पोट्टा त्या घरी जेवणार, आणि वाईट खेळला तर त्याला बोलायचा पहिला हक्कही त्याच घराचा. दहा नंबरावर तर भांडणंच झाली. सात मी घेतला. शेवटी सिंधूताईच्या दारात पोचलो तेव्हा अकरा नंबरांपैकी फक्त एक नंबर, म्हणजे गोलकीपर, तेवढा शिल्लक होता.

हा काहून उरला, असं तिनं विचारलं. मी समजावून सांगितलं, की गोलकीपरला बाकीच्यांपेक्षा वेगळा रंग लागतो, म्हणून एकच नग वेगळा घ्यावा लागतो, तो महाग पडतो. शिवाय गोल झाला की सगळं मैदान त्याच्याच नावानं ओरडतं, म्हणून कोणाच्याच घराला तो नको आहे.

"मंग तोच मले द्या," ती म्हणाली.

आमचा संघ निळा. तिनं ठेल्यावरचा लांब बाह्यांचा पिवळा टी-शर्ट आणला, मशीनवर बसून पाठीवर एकचा आकडा शिवला, आणि तेव्हापासून युवकचा गोलकीपर पिवळा. बावीस वर्षांत सहा गोलकीपर तिच्या हातचं जेवून गेले. एक अजनीला रेल्वेत आहे, एक फौजेत आहे. विजयादशमीला दीक्षाभूमीवरून परतताना ते तिच्या घरी चहा घेतल्याशिवाय पुढं जात नाहीत. ऑफसाइड म्हणजे काय ते तिला आजही कळत नाही. पण गोलाच्या मागं, विटांच्या चबुतऱ्यावर तिची जागा ठरलेली. तिथं दुसरा कोणी बसला तर मीच त्याला उठवतो.

आता मागच्या वर्षीचं ऐका. काटोलचे नानाजीशेठ म्हणजे संत्र्याचे मोठे व्यापारी. बागा आहेत, कोल्ड स्टोरेज आहे, मिहानकडं कुठं जमिनीही आहेत म्हणतात. त्यांना कोणीतरी सांगितलं, फुटबॉलमध्ये पैसा लावा, नाव होते. ते एक दिवस भल्या मोठ्या गाडीतून आले, सोबत पुतण्या साहिल, डोळ्यावर काळा चष्मा. क्लबचा सगळा खर्च आम्ही उचलतो म्हणाले. जर्सी, बूट, मोजे, बाहेरगावी जायला बस, सकाळचा नाश्तासुद्धा.

बाप्पा, त्या आठवड्यात माझ्या बाकावर जी चर्चा झाली, ती विधानसभेत होत नसेल. पोट्टे म्हणाले, विलायतेतले मोठे क्लब अरबस्तानातले शेख विकत घेतात. मी म्हटलं, त्यांच्याकडे तेलाच्या विहिरी, आमच्याकडे संत्र्याच्या बागा, आमचा शेख काटोलचा. मग छातीवर संत्र्याचं चित्र केवढं असावं यावर दोन दिवस गेले. साहिलला ते ताटलीएवढं हवं होतं. कॉलर असावी की गोल गळा, पाठीवर नाव असावं की नाही, निळा फिका की गडद, यावर मी तिघांशी बोलणं सोडलं, आणि त्यातल्या एकाशी अजून बोलत नाही.

या सगळ्या गोंधळात सिंधूताई एक दिवस ठेल्यावरून परतताना दुकानाशी थांबली. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग गोलकीपरचं कसं?"

मी हातातली ट्यूबही खाली ठेवली नाही. म्हटलं, "सगळंच शेठ देऊन राहिले ना वं. आता तुले काही खर्च नाही."

ती बरं म्हणाली आणि निघून गेली. मला वाटलं, बाईच्या डोक्यावरचा भार हलका केला. माझ्यासारखा गाढव मीच.

लीगचा पहिला सामना रविवारी सकाळी होता. नानाजीशेठला जर्सी स्वतःच्या हातानं वाटायच्या होत्या, म्हणून पाकिटं आधी कोणी उघडायची नाहीत असा साहिलचा हुकूम होता. मैदानात मंडप, मंडपात सोफा, सोफ्यावर हार घातलेले शेठ. पोट्ट्यांनी त्या दिवशी कोणाच्याच घरी जेवण केलं नव्हतं, त्यांच्यासाठी हॉटेलातून खोक्यात बंद करून सँडविच आणले होते. माझ्या घरचा सात नंबराचा डबा तसाच पडून होता. बायकोनं भांडी जोरात ठेवली.

टाळ्या वाजल्या, पाकिटं फुटली. एकेक जर्सी बाहेर निघाली. गडद निळी, झकास कापड, छातीवर संत्रं. दोन नंबर निळा, नऊ नंबर निळा, अकरा निळा. आणि धम्मदीपनं, म्हणजे आमच्या गोलकीपरनं, आपलं पाकीट उघडलं तर एक नंबरही निळा. सोळाच्या सोळा एकसारख्या.

साहिल क्रिकेटवाला. त्यात सगळेच एका रंगाचे असतात, त्यानं तशीच ऑर्डर दिली होती. त्याला तरी काय बोलणार? आम्ही एवढे मोठे फुटबॉलचे पंडित, आठवडाभर कॉलरीवर भांडलो, आणि हे एकाच्याही लक्षात आलं नाही. ज्या एका बाईच्या लक्षात आलं होतं, तिला मी खर्चाचं सांगून वाटेला लावलं होतं.

पंचांनी साफ सांगितलं, गोलकीपरचा रंग वेगळा पाहिजे, पाठीवर नंबर पाहिजे, दहा मिनिटं देतो, नाहीतर सामना समोरच्या संघाला. साहिल म्हणाला, वरून जॅकेट घालू. पंच नाही म्हणाले. मी अंगातला चौकड्यांचा शर्ट काढायला लागलो तर पोट्टे हसले. आणि तेवढ्यात मला गोलाच्या मागं तो चबुतरा दिसला. सिंधूताई बसली होती. मांडीवर पिशवी.

सगळं मैदान ओलांडून मी तिच्यापर्यंत गेलो. मी काही बोलायच्या आधीच तिनं पिशवीवर हात ठेवला.

"मले खर्च जड होते, असं मी कधी म्हनलं होतं का, देवरावभाऊ?"

नाही, मी म्हटलं. "चुकलंच माझं, सिंधूताई."

तिनं विचारलं, धम्मदीप जेवला का. मी सँडविचचं सांगितलं. तिनं पिशवीतून आधी डबा काढला, मग घडी घातलेला, एकचा आकडा शिवलेला पिवळा टी-शर्ट, आणि दोन्ही माझ्या हातात देताना बजावलं, की आधी पोटात दोन घास जातील, मगच अंगात कपडा जाईल. पंच घड्याळ पाहत उभे, समोरचा संघ उभा, नानाजीशेठ सोफ्यावरून उठून उभे, आणि आमचा सहा फुटी गोलकीपर मैदानाच्या मधोमध पोळी-भाजी खाऊन राहिला. मी पाण्याची बाटली धरून बाजूला.

सामना आम्ही दोन-एकनं जिंकलो. त्यांचा जो एक गोल झाला तो धम्मदीपच्या दोन पायांमधून गेला. सगळे ओरडायला लागले तशी सिंधूताई चबुतऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, त्याले बोलायचं तं मी बोलीन, तुम्ही गप बसा. आणि मग त्याला असं बोलली की दुसऱ्या अर्ध्यात त्यानं एक चेंडू आत जाऊ दिला नाही.

शिटी वाजल्यावर पोट्टे सवयीनं पळाले ते आपापल्या घराकडं. सात नंबर माझ्या गळ्यात पडला, सगळा घाम माझ्या शर्टाला. दहा नंबर आपल्या घरच्यांकडं, नऊ आपल्या. धम्मदीप सिंधूताईच्या पायाशी बसून उरलेला डबा खात होता. सोफ्यापाशी कोणीच गेलं नाही. मुद्दाम नाही हो, सुचलंच नाही कोणाला. छात्यांवर संत्रं होतं, पण नानाजीशेठ हार घालून एकटेच उभे होते, आणि मला त्यांची खरंच दया आली.

मग ते स्वतःच चालत चबुतऱ्यापाशी आले. चांगला माणूस आहे, रुसला नाही. म्हणाले, बाई, आज तुमच्यामुळं वाचलो, पुढच्या खेपेला गोलकीपरचीही वेगळ्या रंगाची करून आणतो, तुम्हाला त्रास नको. मला वाटलं, संपलं. हेच बोलणं मीही आधी तिच्याशी केलं होतं.

सिंधूताईनं डब्याचं झाकण लावलं. "शेठजी, तुम्ही सगळ्यायलेच देल्लं. मंग यातला तुमचा पोट्टा कोनता?"

नानाजीशेठनं मैदानाकडं वळून पाहिलं. पोट्टे घराघरांत वाटले गेले होते. मग हार काढून साहिलच्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "मले भेटन का एखादा?"

बूट त्यांचे, मोजे त्यांचे, बस त्यांची. जर्सी पुन्हा घरांची झाली. संत्रं आम्ही सगळ्यांनी ठेवलं, पण लिंबाएवढं. दरवर्षी हंगामाच्या आधी माझ्या दुकानात घरांची यादी वाचतात, ती यंदा नव्या वहीत मीच लिहिली होती. एक नंबर म्हणालो आणि वहीवरून मान वर करून सिंधूताईकडं पाहिलं.

"वाचा ना," सिंधूताई म्हणाली, "का पुन्हा विसरले?"

सिंधूताई, असं वाचलं. सगळं वाचून झालं तेव्हा बारा नंबर तेवढा मोकळा होता, बाकावर बसून राहणाऱ्या रोशनचा. त्या नंबराला कधीच घर मिळालं नव्हतं. नानाजीशेठनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. तेव्हापासून दर रविवारी काटोलहून डबा येतो, आणि बारा नंबराला मैदानात उतरवा म्हणून शेठ सामनाभर पंचांचं डोकं खातात. पंचांच्या हातात ते नसतं, हे मी त्यांना चारदा सांगितलं आहे.

त्या संध्याकाळी यादी झाल्यावर सिंधूताईनं पिशवीतून नवा पिवळा टी-शर्ट काढला आणि सगळ्यांसमोर धम्मदीपच्या खांद्याला लावून पाहिला. खांद्यात सैल होत होता.

"वाळला," ती म्हणाली. "उद्यापासून रोजच जेवायले येत जाय."