हात पिठात माझे

भीमपलासातली ती चीज मला गुरुजींनी शिकवली, तेव्हा रचना कोणाची असं मी विचारलं होतं. 'पारंपरिक,' म्हणाले आणि तंबोरा पुढे सरकवला. पुढे बारामतीत क्लास काढल्यावर मीही वीस वर्षं विद्यार्थिनींना तेच सांगितलं. त्याचा राग मला आजही येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःचाच.

माझ्याकडे सांगवीच्या एक नर्सबाई दर मंगळवारी शिकायला येतात. त्यांनी ही चीज घरी म्हटली, तर चौऱ्याऐंशी वर्षांचे त्यांचे सासरे म्हणाले, "शब्द चुकलं. हे आमच्या थोरल्या आत्याचं गाणं हाय."

मी रविवारी सांगवी गाठली. सासरे, म्हणजे आबा, पडवीत बसले होते. फाटक्या आवाजात त्यांनी सुरुवात केली, 'नको देऊ हाक, हात पिठात माझे.' सूर तेच. मी शिकले त्यात मात्र मुरली होती, यमुना होती, आणि तालाची सम एका निरर्थक अक्षरावर आपटायची. ती नीट बसत नाही म्हणून मी गुरुजींची किती बोलणी खाल्ली होती! आबांची सम अलगद 'पिठात'वर आली. इतकी वर्षं मला वाटत होतं, दोष माझ्या गळ्यात आहे.

आत्या सोळाव्या वर्षी विधवा होऊन इंदापूरला भावाकडे परत आली. भाऊ म्हणजे आबांचे वडील. त्यांना गाण्याचा नाद. गवई घरी मुक्कामाला यायचे, बाहेरच्या खोलीत त्यांची तालीम चालायची. आत्या स्वयंपाकघरातून ऐकायची आणि स्वतःच्या चिजा रचून वहीत लिहायची. भावाला आवडलेली चीज तो गवयांना ऐकवायचा. ते ती घेऊन जायचे, शब्द बदलून गायचे.

"त्या स्वतः कधी गायल्या नाहीत? लोकांसमोर?"

"तिला कुणी गा म्हणलं न्हाय," आबा म्हणाले. "आन् गाऊ नको म्हणायचीबी कुणाला गरज पडली न्हाय."

वही घरातच, पत्र्याच्या ट्रंकेत होती. ती मागितली तर नर्सबाईंचे यजमान आडवे आले. "मॅडम, आमच्या घरातल्या बायका गाणाऱ्या नव्हत्या. लोक काय म्हणतील?" त्यांची बायको चहाचे कप घेऊन शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कप जरा जोरात ठेवले.

चार रविवार मी हेच ऐकून परत आले. पाचव्या खेपेला आबांनीच मला मधल्या वारी बोलावलं. वही टॉवेलात गुंडाळून तयार ठेवली होती. "पोरगा एमआयडीसीत गेलाय. तवर न्या."

वहीत साठेक चिजा होत्या. खुणा तिच्या स्वतःच्या. कोमल स्वराखाली टिंब, समेला छोटं फूल. मी झेरॉक्स काढून वही परत केली. मग वर्षभर खटपट करून इंदापुरातल्या एका मंडळाला तिच्या रचनांचा कार्यक्रम ठेवायला लावला.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात शिरले. फ्लेक्सवर भावाचा भला मोठा पगडीतला फोटो. 'संगीतप्रेमी घराण्याचा गौरव सोहळा.' आत्याचं नाव खाली, 'यांच्या भगिनी' म्हणून. आणि फेटा बांधून दारात स्वागताला कोण, तर नर्सबाईंचे यजमान! "या मॅडम, या. आमच्या घरात गाणं पहिल्यापासूनच."

मग भाषणं. एकजण रस्त्याच्या कामावर बोलला, दुसरा उसावर. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. मी तंबोरा तीनदा जुळवला. सव्वादोन तासांनी निवेदक म्हणाला, "वेळेअभावी आता एकच गीत सादर होईल."

पहिल्या रांगेतून आबा काठी टेकत उठले. "ओ निवेदकराव, तुमी खाली बसा. आत्याला गप बसवून समदा जलम गेला. आता तरी तिचं होऊ द्या."

निवेदक खाली बसला. आधी मी गायले, मग नर्सबाई, आत्याच्या खऱ्या शब्दांत. सम आली तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई "अगं बाई!" असं मोठ्यानं म्हणाली आणि लाजली. आम्ही नऊ चिजा गायलो. चहा गार झाला, कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात सगळ्या वक्त्यांची नावं आली आणि शेवटी एक ओळ: 'याप्रसंगी सुश्राव्य गायनही झाले.' मी पेपर चुरगळून टाकला.

त्यानंतरच्या मंगळवारी यजमान मोटरसायकलवरून क्लासला आले. डिकीतून एक दुसरी वही काढली. "ही पण तिचीच. माझ्या कपाटात होती, विम्याच्या कागदांखाली."

"होती? कधीपासून?"

"पहिल्यापासूनच," ते मान खाली घालून म्हणाले.

मला त्यांना खूप काही सुनवायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण नर्सबाईंनी वही उघडली. पहिल्याच पानावर पिलू रागातली एक चीज होती, मी कधीच न ऐकलेली. मी चष्मा लावला आणि यजमानांना म्हटलं, "बसा तिथं. आणि मधे बोलू नका."