सूर्याला खळं पडलं त्या दुपारी

कॅमेरा ग्रुपमध्ये राहिलं की फोटो हार्ड डिस्कवर साठतात आणि किस्से टपरीवर. आमच्या ग्रुपचे निम्मे किस्से एकाच दुपारचे आहेत. सूर्याला खळं पडलं होतं. म्हणजे सूर्याभोवती भलंमोठं, फिकट रंगांचं गोल कडं!

मी बोरिवलीला घरीच होतो. गच्चीला कुलूप. सेक्रेटरी जेवत होते.

"चावी कशाला?"

"सूर्याचा फोटो काढायचाय."

"तो खालून दिसत नाय?"

"मध्ये बिल्डिंग येते."

"मग बिल्डिंगचा काढा!"

शेवटी उष्ट्या हाताने स्वतःच वर आले. आभाळाकडे बघून "आयला!" एवढंच म्हणाले. माझ्याआधी त्यांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. खाली ओळ: 'परवानगीशिवाय गच्चीवर जाऊ नये.'

*

मुलुंडच्या सावंतकडे पक्ष्यांसाठी घेतलेली लांबलचक लेन्स. त्यात खळ्याचा नुसता तुकडाच येत होता. हा गच्चीवर मागे मागे सरकतोय!

बायको वैशाली म्हणाली, "अरे, टाकीवर आपटशील! सूर्याला सांग ना मागे जायला!"

मग ती आमटीची पळी घेऊन आली. पळीने सूर्य झाकला, बाकीचं कडं फोनमध्ये टिपलं. ग्रुपमधला सगळ्यात झकास फोटो तिचाच. मध्ये काळं काय आहे, असं लोक अजून विचारतात. सावंत सांगतो, "फिल्टर आहे."

*

घाटकोपरच्या सुनीता कांबळेने मात्र खळ्याचा एकही फोटो टाकला नाही. तिचे वडील, अण्णा, पॅरालिसिस झाल्यापासून चौथ्या मजल्यावर पलंगावरच होते. खिडकी डक्टकडे उघडणारी, समोर नुसती भिंत आणि पाइप. सुनीताने खळ्याचं सांगितलं, तर म्हणाले, "मला ने."

"अण्णा, गच्चीला लिफ्ट नाय."

"मग उचल."

शेजारच्या दोघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना चढवला. प्रत्येक वळणावर सुनीता ओरडत होती, "हळू रे, पाय सांभाळा!" तोवर खळं विरत चाललं होतं. तिला वाटलं, वाट लागली, एवढं करून काही दिसणार नाही.

पण वर पोचले तेव्हा अर्धं कडं शिल्लक होतं. सुनीताने त्यांच्या डोळ्यांपुढे सूर्याच्या आड हात धरला. अण्णांनी मान वर केली, बघितलं. शेजाऱ्यांनी फोन काढले. सुनीतानेही काढला.

तोवर अण्णा कठड्यापलीकडे, खाली बघत होते.

"सुनी," ते म्हणाले, "समोरची आपली चाळ कधी पाडली गं?"