कोरडं कापायचं न्हाय

धाराशिव जिल्ह्यात दुष्काळाला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. धुळीला घाबरणारा माणूस एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा होता. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचं गाव तेरपासून जवळ. उन्हाळ्यात त्या भागात धूळ आणि हवा वेगळी काढता येत नाही. मामांनी मात्र हे कधी मान्य केलं नाही. त्यांच्या खांद्यावर सदैव ओलं उपरणं असे आणि वारा सुटला की ते नाकावर जाई. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी दार ओढून घेत, फटीतून आलेल्या कवडशात निरखून पाहत आणि त्यात कण जास्त नाचत असले तर म्हणत, "आपुन बाहीरच बसू. सावली बरी हाय." बहिणीला पाहायला आले तेव्हा बाकीच्या पाहुण्यांनी शिक्षण विचारलं, शिवणकाम विचारलं. मामांनी एकच प्रश्न केला, "पोरी, झाडायच्या आदी पाणी शिंपडतीस का?" ती म्हणाली, "शिंपडते." मामा मुलाकडं वळून म्हणाले, "ऊठ. झालं." मुलगा तोवर पोहेच खात होता. आपण मुलीकडं नीट पाहिलंही नव्हतं, असं माझे मेहुणे अजून सांगतात.

या भीतीला कारण होतं. तरुणपणी मामा आणि त्यांचा थोरला भाऊ कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. भाऊ खोकत खोकत गेला. मामा त्याविषयी बोलत नसत. मला हे बहिणीनं सांगितलं, तेही एकदाच.

मी तेव्हा धाराशिवच्या एका दैनिकात बातमीदार होतो. पावसानं लागोपाठ दगा दिल्यावर गावानं जोडधंदा म्हणून सहकारी संस्था काढून कोंबड्यांची मोठी शेड बांधली, आणि मोटारपंखे सांभाळायला मामांना ठेवलं. पहिल्याच उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकत मरू लागल्या. तेव्हा संस्थेनं बाहेरून कागदी कुलिंग पॅड मागवले. नालीदार कागदाचे थर चिकटवून केलेले ते जाड ठोकळे शेडच्या भिंतीत बसवायचे. वरून पाणी झिरपायचं आणि पंखा त्यातून गार हवा आत ओढायचा. पाण्यात कुजू नये म्हणून त्या कागदाला रसायन पाजलेलं असे. दिसायला मधाच्या पोळ्यासारखे, म्हणून गावानं त्यांचं नाव 'पोळं' ठेवलं.

पेटीत इंग्रजी सूचनांचा एक कागद निघाला. मामांनी तो घडी करून छातीशी धरला आणि एसटीनं थेट माझ्या कचेरीत आणला. "पाव्हणं, ह्ये वाचून सांगा. बातमीवानी भराभरा न्हाय." मी वाचत गेलो: पॅड कोरडे कापू नयेत, भुकटी उडू देऊ नये, नाकतोंड झाकावं, हात धुतल्याशिवाय जेवू नये, विडीकाडी लांब ठेवावी, जुने पॅड जाळू नयेत. प्रत्येक वाक्याला मामा "बरूबर" म्हणत होते. जणू कारखानदार परीक्षेला बसला होता आणि मामा त्याला गुण देत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "एक ऱ्हायलंय. काम करताना हसायचं न्हाय. तोंड उघडतंय." हा नियम त्यांनी शेडमधल्या बायांना सांगितला, आणि त्या दिवशी शेडमध्ये पूर्वी कधी झालं नव्हतं एवढं हसणं झालं.

पॅड भिंतीच्या मापात बसेनात, म्हणून कापावे लागले. मामा आधी ते घमेल्यात भिजवत, मग वाऱ्याकडं पाठ करून करवत चालवत, आणि खाली पडलेला लगदा ओल्या गोणपाटानं टिपून घेत. गावात तेव्हा टँकरचं पाणी होतं. शेडशेजारी राहणारी सखूबाई घागर कमरेवर घेऊन रस्त्यातच उभी राहिली. "बघा गं बायांनो! माणसाला प्यायला न्हाय आन् मामा कागदाला न्हाऊ घालतेत!"

"माज्या आंगुळीचं हाय ते," मामा म्हणाले. "इचारा सुनंला."

चौकशी केली असता बहिणीनं दुजोरा दिला. मामांच्या अंगावरच्या सदऱ्यानंही दिला.

पॅड बसल्यावर त्यांच्या उद्घाटनाला संस्थेचे चेअरमन पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. मामांनी त्यांनाही दारात अडवलं आणि नाकावर ओलं फडकं बांधल्याशिवाय आत सोडलं नाही. मी फोटो काढला. संपादकांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "संस्थेवर दरोडा कधी पडला?"

तीन उन्हाळे गेले. पॅडवर क्षारांचा पांढरा थर चढला, कागद ठिसूळ झाला आणि ते बदलायचे ठरले. आता, त्या संस्थेची एक रीत होती. जे काही उरेल ते सभासदांत सारखं वाटायचं. रिकामी पोती वाटली जात, फुटके ट्रे वाटले जात. एकदा मोडक्या सायकलचेही भाग वाटले गेले होते आणि घंटी कुणाच्या वाट्याला जावी यावर दीड तास चर्चा झाली होती. त्या वर्षी गुरं छावणीत होती. गुरं नाहीत म्हणून शेण नाही, शेण नाही म्हणून गोवऱ्या नाहीत, आणि बांधावरची झाडंझुडपं केव्हाच चुलीत गेली होती. तेव्हा सभेत ठराव आला की जुने पॅड सभासदांना जळणासाठी वाटावेत.

मामा उभे राहिले. "ह्यात औषध हाय. ह्याचा धूर घरात नगं. लेकरं हायती घरात."

"औषध हाय तर कोंबड्या कशा जित्या ऱ्हायल्या, मामा?" मागून कुणीतरी विचारलं.

"कोंबड्यांनी कुटं चूल पेटवली?"

सभा हसली. चेअरमनही हसले. मग ठराव एकमतानं मंजूर झाला. मामांचं मत नोंदवायचं राहिलं. मी बातमीत तीन ओळी दिल्या.

पुढचं मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. मामांच्या दारात बैलगाडी उभी असे. बाभळीची, त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलेली. बैल छावणीतून परतले की त्याच गाडीवर घर चालायचं होतं. मी पोचलो तेव्हा गाडीचा साटा, म्हणजे वरचा सांगाडा, सुटा झाला होता आणि मामा नाकाला उपरणं बांधून दांडी करवतत होते. लाकडावर अधूनमधून पाण्याचा हबका मारत होते. मेहुणे ओट्यावर डोक्याला हात लावून बसले होते. बहीण म्हणाली, "बोलू नको. मी सकाळधरनं बोलून बघितलंय."

मग मामा फाडलेलं लाकूड डोक्यावर घेऊन घरोघर फिरले. जेवढं पोळं, त्याच्या दुप्पट वजनाची बाभूळ. लोक खुशीनं बदलून देत होते. एकानं तर पोळं भरीला यावं म्हणून खाली दगड ठेवला होता. मामांनी दगडाचंही लाकूड दिलं.

सखूबाईचं घर शेवटचं. तिची लेक बाळंतपणाला आलेली. आतल्या खोलीत बारा दिवसांचं बाळ होतं. चुलीत पोळं रचलेलं, काडीची पेटी सखूबाईच्या हातात. मामांनी लाकडं उंबऱ्यात ठेवली. धाप लागल्यामुळं त्यांना बोलता येईना. सखूबाईनं लाकडाकडं पाहिलं. एका तुकड्यावर वंगणाचा काळा डाग होता.

"मामा, ह्ये गाडीचं व्हय?"

"व्हय."

"आन् बैलं आल्यावर?"

"त्यास्नी पाय हायती की."

तिनं काडीची पेटी खाली ठेवली, घागर वाकडी करून ओंजळभर पाणी घेतलं आणि चुलीतल्या पोळ्यावर शिंपडलं. मग पदर नाकावर ओढून एकेक तुकडा बाहेर काढून दिला. हसली नाही.

ते सगळे पॅड मामांनी विहिरीपासून लांब, माळाच्या कडेला खड्डा घेऊन, भिजवून पुरले. बैल परतले तेव्हा ते मोकळेच, दाव्याला धरून आणले. पुढं कित्येक वर्षं मामा बाजाराला चालत जात, ओझं डोक्यावर आणि उपरणं नाकावर. एकदा मी त्यांना विचारलं, "मामा, गाडीची आठवण येते का?" त्यांनी थोडा विचार केला. "गाडीनं धूळ लई उडत हुती, पाव्हणं."

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गाडीचं एक चाक त्यांनी फाडलं नव्हतं, ते अजून बहिणीच्या भिंतीला टेकून आहे. मागच्या खेपेला गेलो तेव्हा दुपार होती. बहिणीनं अंगणात पाणी शिंपडलं, झाडून घेतलं आणि ओलं फडकं पिळून त्या चाकावर वाळत घातलं. मी आत गेलो, दार जरा ओढून घेतलं आणि कवडशात पाहिलं. हवा स्वच्छ होती.