परद्याची दोरी

नाटक चालू असताना मला बसता येत नाही. जल्मात एकदाही मी माझं नाटक खुर्चीत बसून पाहिलेलं नाही. विंगेत उभा असतो, एका हातात संहिता, दुसऱ्या हातात परद्याची दोरी, आणि पाय काही जाग्यावर राहत नाहीत. बायको म्हणते, "पायाला भिंगरी हाय तुमच्या. देवाला नमस्कार सुद्धा उभ्या उभ्या करताव." खरं आहे. इथं कर्नाटकात, आळंदच्या शाळेत मास्तरकी केली तीसुद्धा फिरत फिरतच केली. निवृत्त झालो, केस गेले, गुडघे गेले, पण ही तगमग काही गेली नाही.

दोरी मी कुणाच्या हातात देत नाही. परदा जरा आधी पडला तर नाटक मेलं, जरा उशिरा पडला तर नट उघडा पडला. हे मी इतक्यांदा ऐकवलंय की मंडळातली पोरं माझी नक्कल करतात. करू देत. मेल्यांनो, तुमच्या हातात दोरी आली की कळंल.

यंदा खजुरीच्या जत्रेत आमचं जुनं नाटक परत लावायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. कारण त्यातला बाप. ती भूमिका पहिल्यापासून एकाच माणसाची, माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताची. सरकारी बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. घरात कानडी. मराठी तो नाटकात शिकला, आणि अशी शिकला की उदगीरची माणसं त्याला विचारायची, लातूरकडले का तुम्ही? त्या प्रश्नावर तो आठ आठ दिवस खूश असायचा.

त्याच्या पाठांतराची तऱ्हाच न्यारी होती. मी वाक्य दिलं की घरी जाऊन तो ते बायकोला कानडीत सांगायचा. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, बाप असं बोलतो व्हय? तिला पटेपर्यंत हा सांगत राहायचा, आणि मगच ते वाक्य मराठीत त्याच्या तोंडी बसायचं. मी चिडायचो. "सरळ पाठ कर की. कानडीतनं वळसा कामून घालायलास?" तो म्हणायचा, "वाटच आमच्या घरावरनं जाते, तिला मी काय करू?"

गेल्या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, वाचा बसली. कलबुर्गीच्या दवाखान्यातून घरी आल्यावर बोलणं हळूहळू परत आलं, पण आलं ते कानडी. मराठी समजायची सगळी, तोंडातून मात्र निघायची नाही. एखाद्या दिवशी दोन वाक्यं धडाधड यायची, दुसऱ्या दिवशी "पाणी" म्हणतानासुद्धा अडकायचा. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, बापाचं काम मीच करणार.

मी म्हटलं, "कर बाबा. पण कानडीत बोल. खजुरीत कुणाला कळत न्हाई?"

त्यानं डाव्या हातानं माझी कॉलर धरली. मराठीच, म्हणाला. कानडीतच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. मराठी गेली म्हणजे आपल्यातला नट गेला, असं त्यानं मनात घेतलं होतं. 

भूमिका कापत कापत मी शेवटच्या प्रवेशावर आणली. घर सोडून गेलेला मुलगा कैक वर्षांनी दारात येऊन उभा राहतो. बाप खुर्चीत. बापानं एवढंच म्हणायचं, "ये बाळा, आत ये. दार उघडंच हाय." मग परदा. तालमीत ते वाक्य कधी यायचं, कधी नाही. मी घरी आलो की अंगणात येरझाऱ्या घालायचो.

प्रयोगाच्या दिवशी, दिवेलागणीला, तोंडाला रंग लावणं चालू होतं तेव्हा त्याच्या बायकोनं मला मंडपामागं बोलावलं. "अण्णा, गावापुढं हसू झालं तर ते परत अंथरुणातनं उठायचे न्हाईत. अडकले की परदा टाका. शब्द द्या." मी म्हटलं, "दिला, अक्का." ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली.

शेवटचा प्रवेश आला. मुलाचं काम करणारा आमचा बँकेतला कारकून दारात येऊन उभा राहिला. दोस्तानं मान वर केली, तोंड उघडलं, आणि काही नाही. मी विंगेतून हळू सांगितलं, "ये बाळा." काही नाही. मोठ्यानं सांगितलं. पुढच्या चार रांगांना ऐकू गेलं असणार. त्याचे ओठ नुसते हलत होते. मागं कुणीतरी फिसकन हसलं, त्याला मी आजही शोधतोय. दिला होता शब्द. मी दोरी ओढली. परदा थोडा खाली आलाही.

त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. तो बायकांच्या बाजूला बघत होता.

"अण्णा, परदा टाकू नका!" अक्का उभी राहिली होती. डोईवरचा पदर खाली आलेला. भर मंडपात, चुलीपुढं भाकरी थापताना त्याच्याकडनं ऐकलेलं तेच वाक्य ती कानडीत म्हणाली, "बा तम्मा, वळग बा."

आणि तो बोलला. कानडीत, सगळं. ये म्हणाला, आत ये म्हणाला, दार उघडं आहे म्हणाला. वर, जेवलास का म्हणून विचारलं, जे संहितेत कुठंच नाही. कारकून गडबडला, पण गडी हुशार. "न्हाई जेवलो अप्पा," म्हणत त्याच्या पायाशी बसला. समोरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बाप कानडी, लेक मराठी. आमच्या घरी तरी दुसरं काय हाय?" कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मी रडत होतो, सांगायला लाज कसली.

प्रवेश संपला.  माझ्या हातातून दोरी कधी सुटली मला कळलं नव्हतं. बाप खुर्चीत, मुलगा पायाशी, परदा अर्धवट, आणि नाटक काही संपेना. मग दोस्तानं मान वळवून थेट विंगेत पाहिलं. तालमीत परद्याला उशीर झाला की यायचा, तो त्याचा जुना राग त्या तोंडावर होता.

"परदा टाक की," तो म्हणाला. "कामून थांबलायस?"

स्वच्छ मराठीत. एक अक्षर अडकलं नाही. मला ऐकू आलं, तरी मी दोरीला हात लावला नाही. म्हटलं, अजून एकदा रागावू दे.