चौथा कप

माझी आत्या तिरसट आहे, हे तिच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ती कंपायलरवर काम करते. म्हणजे माणसांनी लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत उतरवून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर. नव्या प्रोसेसरमध्ये गुणाकार आणि बेरीज एका दमात करून शेवटी एकदाच आकडा राउंड करणारी, म्हणजे दशांशांचं न मावणारं शेपूट कापणारी, सूचना आली होती. ती वापरायला आत्याने कंपायलरला शिकवलं आणि लगेच एक चाचणी कोसळली. एका संख्येच्या वर्गातून तोच वर्ग वजा केला, तर शून्याऐवजी कणभर काहीतरी उरत होतं.

"तुमचं काहीतरी चुकलंय," साहेब म्हणाले.

आत्या उसळली. "चुकलं कसलं? एक वर्ग राउंड केलेला आहे, दुसरा पुरा आहे. इतके दिवस जे कापून टाकत होतो, ते आता दिसतंय!" तरी ज्याला हवी त्यानेच ती सूचना चालू करावी, अशी सोय तिने करून दिली.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी होते. आजोबांनी चहा आणला. आम्ही तिघं आणि कप चार. आजीला जाऊन वर्ष झालं होतं. मी तोंड उघडणार, तोच आत्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. तिने स्वतःचा कप संपवला आणि चौथाही पुढे ओढला.

"साखर बरोबर आहे ना गं?" आजोबांनी विचारलं.

जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायलेली आत्या म्हणाली, "अगदी आईला लागायची तेवढी आहे, बाबा."