रातांब्याची वरमाई

माझ्या माहेरच्या अंगणातल्या एका झाडाला आम्ही बहीणभावांनी एकदा कुऱ्हाड दाखवून चांगला दम भरला होता. झाडाचा गुन्हा एवढाच, की ते फळत नव्हतं.

हसू नका. शिराळ्याच्या पश्चिमेला, आमच्या डोंगराकडच्या गावांत ही रीत अजून कुठं कुठं शिल्लक आहे. झाड वयात येऊनही फळ धरत नसलं, की घरातल्या एकानं कुऱ्हाड घेऊन त्याच्यापुढं उभं राहायचं आणि दुसऱ्यानं झाडाची वकिली करायची. कुऱ्हाडवाला गरजतो, "तोडतो आज याला!" वकील आडवा येतो, "नका तोडू, औंदा फळंल!" झाड हे सगळं ऐकतं, घाबरतं आणि पुढच्या मोसमाला लगडतं, असा समज. लगडलं तर कुऱ्हाडवाल्याचं नाव होतं. नाही लगडलं तर वकिलाचं रडणं कमी पडलं म्हणायचं.

आमचं झाड रातांब्याचं. ज्याच्या सालीची आमसुलं होतात, तो रातांबा. वडील कोयनानगरला धरणाच्या कॉलनीत नोकरीला होते. तिथलं बिऱ्हाड मोडून गावी परतताना आईनं मागच्या दारी रुजवलेली रातांब्याची दोन रोपं डालड्याच्या डब्यांत घालून एस.टी.तून आणली. घाटातल्या वळणांवर मी खिडकीतून मान बाहेर काढून ओकत होते आणि आई दोन्ही डबे पोटाशी धरून बसली होती. मी केविलवाणं तिच्याकडं पाहिलं, तर म्हणाली, "तू घरी जाऊन बरी हुशील. शेंडा मोडला तर काय करू?"

दोनातलं तरतरीत रोप तिनं अंगणात लावलं आणि किरटं शेजारच्या काकीला दिलं. आईचं दातृत्व असं हिशेबी. वडील रोज अंघोळीचं पाणी त्या रोपाच्या आळ्यात वळवायचे, पानं पुसायचे, त्याच्याशी कॉलनीतल्या गप्पा मारायचे. ते गेले तेव्हा झाड त्यांच्या डोक्याच्या वर गेलं होतं. नंतर आई सकाळचा चहा त्याच्याच बुंध्याशी बसून घ्यायला लागली.

झाड देखणं. खाली झुकलेल्या फांद्या, कोवळी पानं लालबुंद, जून पानं तेल लावल्यासारखी हिरवी. थंडीत फुलं तर इतकी, की अंगण झाडून आई दमायची. आणि फळ? एकही नाही. काकीचं किरटं मात्र दर उन्हाळ्यात लालेलाल. काकी भिंतीवरून रातांब्यांची वाटी द्यायची आणि वर एक वाक्य द्यायची, "घ्या आक्का, तुमच्याकडं न्हाईत म्हणून पाठवलं." आई म्हणायची, रातांब्यांपेक्षा ते वाक्यच जास्त आंबट.

मग दादा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला, गावी आला आणि आल्या आल्या त्यानं गाडी घेतली. गाडीला शेड पाहिजे, शेडला जागा पाहिजे, जागेवर रातांबा. त्यानं हुकूम सोडला, झाड तोडायचं. आईचा साताऱ्याला मला फोन, "आत्ताच्या आत्ता ये. तुझा भाऊ झाडावर उठलाय."

मी इस्लामपूरला एस.टी. बदलून पोचले, तर दादा अंगणात टेप धरून मापं घेत होता.

"एवढी वर्षं नुसतं खातंय-पितंय," तो म्हणाला. "आमच्या पलटणीत असला जवान असता तर कवाच घरी धाडला असता."

"तू बी लग्नाआधी तेच करत हुतास," आई म्हणाली. "तुला तोडला का कुणी?"

शेवटी तह झाला. आधी झाडाला रीतसर दटावायचं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फळ धरलं तर झाड राहील, नाही तर आई आडवी येणार नाही. दादा लगेच तयार झाला, कारण त्याला आयतीच कुऱ्हाड हातात मिळत होती. वकील अर्थातच मी. शाळेच्या गॅदरिंगला मी रडले, की मागच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या, ही माझी ख्याती.

रविवारी सकाळी प्रयोग लागला. झाड फुलांनी गच्च. दादा फौजी जर्सी घालून, कुऱ्हाड खांद्यावर टाकून आला. "बोल, फळतंयस का तोडू?" असा दणदणीत आवाज काढला, की समोरच्या पारावरची कुत्री उठून गेली. मी धावले, बुंध्याला मिठी मारली.

"आवं सुभेदार, नका हो तोडू! माझी लेक हाय ती. लाजाळू हाय, उशिरा शहाणी झाली. औंदा तिची कूस उजवंल, मी शब्द देते!"

खरं पाणी आलं डोळ्यांत. गल्ली जमली. भिंतीपलीकडं काकी पालथ्या बादलीवर चढून बघत होती आणि हसून हसून बादलीसकट हलत होती.

"आवं आक्का," ती आईला म्हणाली, "झाड काय शाळंतलं पोर हाय व्हय, दम दिल्यावर पाढे म्हणायला? फूलच चांगलं न्हाई तुमच्या झाडाचं. हे बघा, फूल असं असतंय!" आणि तिनं आपल्या झाडाची एक फुलाची डहाळी मोडून भिंतीवरून आईच्या हातात दिली.

आईनं रागारागानं माझ्या केसांत पडलेलं आमचं फूल उचललं आणि दोन्ही फुलं तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. मग तिचा राग कुठं गेला कळेना. ती वाकली, चष्मा सारखा केला. खालून आमचं दुसरं फूल उचललं, तिसरं उचललं, फांदी खाली ओढून पाहिलं. काकीच्या फुलाच्या मधोमध हिरवा मणी होता, अगदी रातांब्याचं बाळच. आमच्या फुलात नुसता पिवळा भुगा. मणी नाहीच, एकाही फुलात नाही.

"तुमी पपईचा नर बघितलाय का न्हाई?" आई सगळ्या गल्लीला उद्देशून म्हणाली. "तसलंच हाय हे. अगं, ही लेक न्हवं. हा गडी हाय!"

सगळी गल्ली खदखदून हसली. मी बुंधा सोडून खाली बसले. ज्याची कूस उजवायचा शब्द मी चारचौघांत दिला होता, तो मिशीवाला निघाला होता.

सगळ्यात जास्त दादा हसला. आणि हसता हसता म्हणाला, "म्हंजे हा जन्मात फळायचा न्हाई. मग पुढच्या उन्हाळ्याची वाट कशाला बघायची?" खिशातून फोन काढून त्यानं झाडं तोडणाऱ्याला लावलासुद्धा. "उद्या सकाळी मशीन घिऊन ये."

आईच्या हातातली फुलं तशीच होती. तिनंच शोधलं होतं आणि तिच्याच शोधानं झाड मरणार होतं. ती बुंध्याशी जाऊन उभी राहिली. खरं रडायची वेळ आली तेव्हा गॅदरिंगची नटी मुकी झाली.

"आरं थांब रं!"

आवाज भिंतीवरून आला. काकीचं हसू कुठल्या कुठं पळालं होतं. फाटकातून वळसा घालून यायचाही तिला धीर नव्हता. साठी ओलांडलेली, चांगली भरल्या अंगाची बाई, पातळ वर खोचून भिंतीवर चढली आणि आमच्या कर्दळीत उतरली म्हणजे पडलीच. उठली ती सरळ येऊन रातांब्याला पाठ लावून, हात पसरून उभी.

"हा गेला तर माझ्या झाडाला फळ कसं धरंल? पपईच्या बागंत बी एक नर ठिवत्यात लोकं!"

"डोंगरात हायेत की नर," दादा म्हणाला. "वाऱ्यानं, माश्यांनी येईल त्यांचं."

"डोंगर कुठं, माझं झाड कुठं! माश्यांच्या भरवशावर मी बसू व्हय? आधी माझ्यावर कुऱ्हाड घाल, मग त्याच्यावर!"

तिच्या आवाजात काहीही रचलेलं नव्हतं. वकिली अशी करतात, हे मला तेव्हा कळलं.

आईनं पदर नीट केला. आपल्याकडं बघायची सगळ्यांना सवड दिली.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "एवढी वर्षं तुझ्या घरचा पाळणा आमच्या पोरामुळं हालत हुता. आन तू मलाच टोमणे मारत हुतीस."

"चुकलं आक्का."

"आक्का न्हाई. विहीणबाई म्हण. मी वरमाई हाय."

काकीनं तिथल्या तिथं वाकून नमस्कार केला. दादाच्या हातातली कुऱ्हाड हसण्यानं गळून पडली. पण गडी सुभेदार. "आन माझी गाडी?"

"माझ्या गोठ्यात लाव की. म्हस विकल्यापासनं मोकळाच हाय."

दादानं झाडं तोडणाऱ्याला पुन्हा फोन लावला. तेव्हापासून त्याची चकचकीत गाडी गव्हाणीपुढं उभी असते. कधी कधी आत कोंबडी अंडं घालते.

आता दर उन्हाळ्यात पहिल्या तोडीची पाटी वाजतगाजत आमच्याकडं येते, वर नारळ आणि खण. आई आधी वरमाईसारखी नाक मुरडते, "एवढ्यावरच भागवलं व्हय?" मग दोघी अंगणात मांडी घालून रातांबे फोडायला बसतात. कोपरापर्यंत लाल होतात आणि गावातल्या खऱ्या विहिणींची लक्तरं काढतात. मी साताऱ्याहून त्यासाठी मुद्दाम रजा टाकून जाते. रातांब्याच्या रसाचं, आगळाचं सरबत हातात येतं, पाठीशी तो बुंधा असतो, आणि एवढं सगळं मला आयतं मिळालं याचा अचंबा वाटत राहतो.

यंदा दादा नवीच टूम घेऊन आला. काकीच्या झाडाची काडी आणून आमच्या झाडावर कलम बांधायचं. एकाच झाडावर नर आणि मादी, घरच्या घरी रातांबे. काडी आणायला तो निघालासुद्धा होता.

"खाली बस," आई म्हणाली. "आपल्याकडं रातांबे झालं तर ती कशाला येईल इकडं?"